उडत्या टॅक्सीला विचारावयाचे चार प्रश्न



पारसिकच्या डोंगरावरून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे ठाण्याची खाडी, तिच्या काठची तिवरांची दाट झाडी आणि पलीकडे धुरकट दिसणारी मुंबई नजरेस पडते. दक्षिणेकडे उलव्याच्या बाजूस नवा विमानतळ पसरला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, तेथे पहिली प्रवासी विमाने उतरली. एवढे मोठे विमान घराजवळ उतरलेले पाहून एखाद्या मुलाने आईला विचारावे, “मग टॅक्सी उडत आपल्या गच्चीवर का येऊ नये?” हे अगदी स्वाभाविक आहे.

हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा मुळीच नाही. अशी वाहने आज केवळ कल्पनेत राहिलेली नाहीत. चीनमधील ईहँग या कंपनीने दोन माणसे बसतील असे एक यान तयार केले आहे. त्याला सोळा पंखे आहेत, चालक मात्र नाही. आधी आखून दिलेल्या वाटेने ते आपोआप जाते आणि जमिनीवरील माणसे त्याच्यावर लक्ष ठेवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनच्या विमान-खात्याने त्याच्या रचनेला मान्यता दिली. अमेरिकेतील जोबी या कंपनीच्या यानात एक वैमानिक आणि चार प्रवासी बसतात. त्याचे सहा पंखे चढताना आकाशाकडे तोंड करतात व पुढे जाताना समोर वळतात. जून २०२५ मध्ये या यानाची चाचणी-उड्डाणे दुबईत झाली. आपल्या देशातही चेन्नईत ई-प्लेन आणि बंगळूरुत सरला एव्हिएशन या दोन नव्या कंपन्या याच खटाटोपात आहेत. यांपैकी दुसरीचे नाव सरला ठकराल यांच्यावरून ठेवलेले आहे. १९३६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विमान चालवण्याचा परवाना मिळवणाऱ्या त्या धाडसी स्त्री होत.

या सर्व यानांचा विशेष असा, की त्यांना धावपट्टी लागत नाही. ती उभीच्या उभी वर चढतात आणि तशीच खाली उतरतात. त्यांचे पंखे विजेवर फिरतात. तेव्हा टॅक्सी उडेल काय, हा प्रश्न आता संपला आहे. ती कोणाच्या उपयोगी पडेल, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कारखान्यात मिळणारे नाही. ते आपल्या गावाच्या अनुभवातच शोधले पाहिजे.

नवी मुंबईचा अनुभव या बाबतीत मोठा बोलका आहे. एके काळी या भागातील माणसाला मुंबई गाठायची तर पडावाचा किंवा लाँचचा आश्रय घ्यावा लागे, नाहीतर ठाण्याला मोठा वळसा पडे. मोरा आणि रेवस येथून भाऊच्या धक्क्याला लाँचा आजही जातात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नव्या नगराची उभारणी सुरू झाली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर तब्बल एकोणीस वर्षांनी, १९९२ साली, मानखुर्दहून लोकल वाशीस आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो धावू लागली. तिचे काम २०११ साली आरंभले होते. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. होडी, मोटार, लोकल, मेट्रो अशी एकेक वाहने या भूमीवर आली, आणि प्रत्येक वाहन आले तेव्हा ते नवलाचेच होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, तेव्हाही लोक दुतर्फा उभे राहून डोळे विस्फारून पाहत होते.

परंतु नवलाचे प्रत्येक वाहन टिकतेच असे नाही. मुंबईची ट्राम प्रथम घोड्यांनी ओढली, पुढे १९०७ सालापासून ती विजेवर धावली, आणि १९६४ च्या मार्चअखेर कायमची थांबली. ट्रामनंतर आलेली, किंबहुना ट्रामच्या आधीचीही कित्येक वाहने मात्र अजून चालू आहेत. तेव्हा कोणते वाहन टिकेल आणि कोणते जाईल, हे ओळखावे कसे? त्यासाठी चार साधे प्रश्न पुरे आहेत, आणि ते विचारण्यास वयाची अट नाही.

पहिला प्रश्न वजनाचा आहे. ठाण्याच्या खाडीवर दोन पक्षी सहज पाहायला मिळतात. घार पंख पसरते आणि ते जवळजवळ न हलवता कितीतरी वेळ आकाशात तरंगत राहते. काळापांढरा खंड्या मात्र मासा दिसताच पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबतो, आणि काही क्षणांतच सूर मारतो किंवा दूर निघून जातो. एका जागी अधांतरी राहणे फार श्रमाचे आहे, कारण तेथे शरीराचा सर्व भार पंखांनी हवा सतत खाली लोटूनच पेलावा लागतो. यंत्राचीही तीच गत आहे. पुढे धावणाऱ्या विमानाला त्याच्या पसरट पंखांखालून-वरून वाहणारी हवाच उचलून धरते. उभे चढणाऱ्या यानाला तो आधार नसतो. त्याचे फिरते पंखे हवा खाली ढकलतात व तिच्या प्रतिक्रियेने यान वर जाते, आणि यात शक्ती वेगाने खर्च होते. म्हणूनच जोबीचे यान चढताना खंड्यासारखे वागते आणि पुढे जाताना घारीसारखे.

आता ही शक्ती आणावयाची कोठून? प्रवासाला निघताना माणूस शिदोरी घेतो, तशी यानाची शिदोरी म्हणजे बॅटरी. एक किलो पेट्रोलात सुमारे १२ हजार वॅट-तास इतकी ऊर्जा असते, तर एक किलो चांगल्या बॅटरीत ती २५० ते ३०० च्या आसपास असते. पेट्रोलच्या इंजिनात यांपैकी बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि विजेची मोटर फारच थोडी वाया घालवते, हे खरे. तरीही हिशेबाअंती पेट्रोलची शिदोरी दसपटीहून अधिक सकस ठरते. शिवाय आणखी एक गंमत आहे. शिदोरी खाल्ली की गाठोडे हलके होते. इंधन जाळीत जाणारे विमानही वाटेत हलके होत जाते. बॅटरीची शिदोरी मात्र संपली तरी तिचे ओझे तेवढेच राहते! ईहँगचे यान एकदा भारलेल्या बॅटरीवर सुमारे ३० किलोमीटर जाते. नव्या विमानतळापासून कुलाब्यापर्यंत सरळ आकाशरेषेने अंतर पंचवीस ते तीस किलोमीटर भरेल. म्हणजे हा प्रवास त्या यानाच्या ताकदीच्या अगदी काठावर येतो. समोरून वारा सुटला, किंवा उतरण्याची जागा रिकामी नसली, तर हाताशी शिल्लक शिदोरी नको काय? आणि कोकणपट्टीचा जून ते सप्टेंबरचा पाऊस, त्यासोबत येणारा सोसाट्याचा वारा आणि डोळ्यांपुढचे दिसेनासे करणारी सर यांचाही विचार करावयास हवा. पंख असलेली मोठी याने याहून लांब जातात, बॅटऱ्याही दरवर्षी सुधारत आहेत. परंतु वजनाचा हा प्रश्न कोणालाही चुकवता येत नाही.

दुसरा प्रश्न, उतरावयाचे कोठे? आकाश विशाल आहे, पण पाय टेकावयास जमीनच लागते. इमारतीची गच्ची पाण्याच्या टाक्यांनी, सौर-पाट्यांनी आणि दोऱ्यांवरच्या कपड्यांनी भरलेली असते. ती काही टन वजनाचे यान झेलण्यासाठी बांधलेली नसते. उंच इमारतींमधून वारा भोवऱ्यासारखा फिरतो. आग लागली तर विझवण्याची सोय हवी, माणसांना बाहेर पडण्याची वाट हवी. या विषयात न्यूयॉर्क शहराने एक कठोर धडा शिकवलेला आहे. तेथे मॅनहॅटनमधील पॅन अ‍ॅम इमारतीच्या गच्चीवरून विमानतळापर्यंत प्रवासी हेलिकॉप्टरे जात असत. उडत्या टॅक्सीचीच ती जुनी आवृत्ती म्हणावी. १६ मे १९७७ रोजी गच्चीवर उभ्या असलेल्या एका हेलिकॉप्टरचा पाय मोडला, ते कलंडले आणि त्याच्या फिरत्या पात्यांनी पाच माणसांचा बळी घेतला. त्यांपैकी एक तर खाली रस्त्याने चाललेली स्त्री होती. गच्चीवरचा तो तळ पुन्हा उघडला नाही. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली अशा तळांसाठी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, ते या प्रकारची काळजी घेण्यासाठीच. या तळांना ‘व्हर्टिपोर्ट’ असे नाव रूढ होत आहे.

आकाशही वाटते तितके मोकळे नाही. मुंबई आणि नवी मुंबई येथे आता दोन मोठे विमानतळ आहेत, आणि त्यांच्या विमानांच्या वाटेत दुसऱ्या कोणास हवे तसे भटकता येणार नाही. शिवाय त्या आकाशाचे काही जुने रहिवासी आहेत. दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास हजारो रोहित पक्षी ठाण्याच्या खाडीत येतात. खाडीचा एक भाग २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये मुंबईत उतरणाऱ्या एका विमानावर यांचा थवा घाटकोपरजवळ आदळला. विमान सुखरूप उतरले, परंतु तीसहून अधिक पक्षी प्राणास मुकले. ज्या उंचीवर पक्षी उडतात, जवळपास त्याच उंचीवर उडत्या टॅक्सीला जावयाचे आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

तिसरा प्रश्न साध्या अंकगणिताचा आहे. पाटी-पेन्सिल घ्या. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार हजारांहून अधिक माणसे असतात. उडत्या टॅक्सीत चार प्रवासी बसतात. एका लोकलमधील चार हजार माणसांना पलीकडे न्यावयाचे तर एक हजार फेऱ्या लागतील. एका तळावरून दर मिनिटास एक टॅक्सी उडाली असे मानले, आणि हेही फार झाले, तरी एक हजार मिनिटे, म्हणजे सोळा तास चाळीस मिनिटे जातील. सकाळी सहा वाजता आरंभ केला, तर शेवटचा प्रवासी रात्री साडेदहाच्या पुढे सुटेल! लोकल मात्र काही मिनिटांनी दुसरी येते. तेव्हा आकाशमार्ग सुरू झाला की वाशीच्या पुलावरची गर्दी ओसरेल, असे कोणी म्हणाल्यास त्याच्यापुढे हा हिशेब नम्रपणे ठेवावा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुधा तोच विचारावयाचा राहून जातो. किंमत कोण देणार, आणि लाभ कोणास होणार?

किंमत म्हणजे प्रथम भाडे. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेलापूरच्या धक्क्यावरून मुंबईस जलटॅक्सी सुरू झाली. कल्पना उत्तम होती. रस्त्यावरची गर्दी टाळून खाडीतून थेट मुंबई! परंतु जलद नौकेचे भाडे शेकडो रुपयांच्या घरात, म्हणजे लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट होते. घरापासून धक्क्यापर्यंत आणि पलीकडे उतरल्यावर कचेरीपर्यंत जाण्याचा खटाटोप वेगळाच. पुरेसे प्रवासी मिळेनात आणि फेऱ्या अडखळत राहिल्या. नौकेत दोष नव्हता, पाण्यातही नव्हता. रोजच्या प्रवाशाच्या खिशाचा आणि पायांचा विचार अपुरा पडला होता. आकाशातील टॅक्सीने पाण्यातील टॅक्सीपासून एवढे तरी शिकावे.

परंतु किंमत केवळ पैशांत मोजली जात नाही. नवी मुंबई जेथे उभी आहे तेथे पूर्वी आगरी, कोळी आणि इतर शेतकऱ्यांची गावे, भातशेते आणि मिठागरे होती. नगरासाठी त्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. योग्य मोबदला मिळावा म्हणून जासई गावचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या लढ्याचे फळ म्हणून भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, आणि कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे यांसारख्या दहा गावांतील वस्ती हलवण्यात आली. विमानतळास दि. बां.चे नाव द्यावे, असा आग्रह येथील लोकांनी धरला, त्याच्या मुळाशी ही आठवण आहे. आज ज्या धावपट्टीवर विमान उतरते, तेथे कोणाचे तरी घर, कोणाचे तरी शेत, कोणाचे तरी ग्रामदैवत होते. उद्या उडत्या टॅक्सीचे तळ उभारावयाचे झाले, तर त्यांनाही जागा लागेलच. त्यांच्या पंख्यांचा आवाज कोणाच्या तरी खिडकीवर पडेल. जागा देणाऱ्यास आणि आवाज सोसणाऱ्यास त्या टॅक्सीत कधी बसावयास मिळणार आहे काय, हे आधीच विचारले पाहिजे. मागाहून विचारणे फार महाग पडते, हे जासईने दाखवून दिले आहे.

आता कोणी म्हणेल, या चार प्रश्नांपुढे उडती टॅक्सी निरुपयोगीच ठरली! तसे मुळीच नाही. ज्या कामात वजन थोडे, घाई मोठी आणि रस्ता अवघड, तेथे आकाशमार्गाला तोड नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून निघून जुहूच्या मैदानावर विमान उतरवले. भारतीय हवाई वाहतुकीचा तो आरंभ होता, आणि त्या विमानात प्रवासी नव्हते, टपालाची थैली होती. थैली हलकी, तातडी मोठी! अलीकडचे उदाहरण पालघर जिल्ह्यातील आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने कोविडच्या तीनशे लसी पोहोचवल्या. डोंगरी रस्त्याने ज्यास पाऊण तासाच्या आसपास लागला असता, तो पल्ला दहा मिनिटांच्या आत आटोपला. तेव्हा उद्या पुराने वेढलेल्या गावातून एखाद्या रुग्णास उचलून आणणे, रक्ताची पिशवी किंवा सर्पदंशावरचे औषध वेळेवर नेणे, अशी कामे उडत्या वाहनाने केली, तर त्याचे भाडे कोणासही जड वाटणार नाही. ते ज्याच्यासाठी उडाले त्याचा जीव वाचला, एवढा एकच हिशेब तेथे पुरे होईल.

नवे वाहन येण्यास वेळ लागतो, याचेही वाईट वाटून घेऊ नये. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी उडत्या टॅक्सीतून प्रवासी नेण्याचा बेत जर्मनीतील व्होलोकॉप्टर कंपनीने आखला होता. तो तडीस गेला नाही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या कंपनीवर दिवाळखोरी जाहीर करण्याची पाळी आली. जमिनीवरच्या अकरा किलोमीटरच्या मेट्रोला जेथे बारा वर्षे लागली, तेथे आकाशातील वाटेची घाई करून कसे चालेल? विमानविद्येत सावकाशपणा हा दोष मानीत नाहीत. प्रत्येक खिळा, प्रत्येक तार पुन्हा पुन्हा तपासली जाते, म्हणून तर माणूस निर्धास्तपणे विमानात झोपी जातो.

ज्या मुलास यंत्रांची आवड असेल, त्याने अधिक हलकी व अधिक सकस बॅटरी कशी करता येईल याचा ध्यास घ्यावा. जिला पक्ष्यांची आवड असेल, तिने रोहित पक्ष्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा टिपून ठेवाव्यात, कारण वाट आखणाऱ्यास त्या लागतील. ज्यास गणित आवडते, त्याने चार हजार आणि चार यांचा हिशेब विसरू नये. आणि ज्यास यांतले काहीच आवडत नाही, त्याने आजी-आजोबांना विचारावे, की घराखालची ही जमीन पूर्वी कोणाची होती. उत्तम वाहन बनवण्यास या चारही प्रकारची माणसे लागतात. जेथे त्यांतले एक जरी गैरहजर राहते, तेथे वाहन कदाचित उडते, पण ते गावाचे होत नाही.